जोखीम कोणाच्या नावावर? : जुनेजाणते खेळाडू, वेतनमर्यादा आणि करारमुक्ती

प्रस्तावना

दरवर्षी मार्च उजाडला की अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, ३२ संघ एकामागून एक नावे जाहीर करू लागतात. कोणी आठ-दहा वर्षे एकाच संघासाठी खेळलेला असतो, कोणी कर्णधार राहिलेला असतो, कोणाच्या नावाची जर्सी घालून शहरातली पोरे शाळेत जात असतात. या सगळ्यांना संघाने करारातून मोकळे केलेले असते. बातमीत कारण एका ओळीत उरकले जाते: सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे वेतनमर्यादेत, जागा करायची होती. त्या एका ओळीमागे पन्नास वर्षांचे कोर्टकज्जे आहेत, कामगार संघटनेचा लढा आहे, हिशेबाची एक चोख पद्धत आहे, आणि झिजत जाणाऱ्या शरीराची किंमत कशी ठरवायची हा अवघड प्रश्न आहे. या सगळ्याचा मिळून आज एक भरगच्च अभ्यासविषय झाला आहे. त्याच्याकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करावे आणि पुढची वाट दाखवावी, यासाठी ही प्रस्तावना.

फुटबॉल म्हटले की आपल्यासमोर कोल्हापूरचे शाहू स्टेडियम येते, नाहीतर मडगावचे फातोर्डा. इथला फुटबॉल तो नव्हे. हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा, अंगावर अंग आदळणारा खेळ आहे. हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला १७ सामने येतात, संघात ५३ खेळाडू असतात, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला अठ्ठाविसाव्या वर्षीच लोक उतरणीला लागलेला समजतात. न्यू जर्सीत, जिथे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ एकाच मैदानावर खेळतात, तिथे वाढणाऱ्या मराठी मुलांना हा खेळ घरचाच आहे. इकडच्या वाचकालाही त्याचे अर्थकारण समजायला फार वेळ लागणार नाही, कारण आयपीएलने निम्मी वाट आधीच चालून घेतली आहे.

आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी झालेल्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. कोणाला राखायचे आणि कोणाला सोडायचे, याची चर्चा तेव्हा घराघरांत झाली. तिथला हिशेब सरळ असतो: लिलावाआधी खेळाडू सोडला की त्याच्या नावावरची रक्कम संघाच्या थैलीत परत येते. एनएफएलमध्ये गणित नेमके इथेच फिरते. खेळाडू जातो, पण त्याच्या नावावरची सगळी रक्कम त्याच्याबरोबर जात नाही. कधी कधी तर तो संघात असताना जेवढी जागा अडवतो, त्याहून जास्त जागा तो गेल्यावर अडते. असे का होते, हे कळले की या विषयाचे दार उघडते.

त्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे. १९७० च्या दशकापर्यंत करार संपलेला खेळाडूही खऱ्या अर्थाने मोकळा नसे. दुसऱ्या संघाने त्याला घेतले, तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची हे कमिशनर पीट रोझेल ठरवत. भरपाई केवढी निघेल याचा नेम नसल्यामुळे अशा खेळाडूला हात लावायला कोणी धजावत नसे. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष राहिलेला जॉन मॅकी कोर्टात गेला आणि १९७६ मध्ये अपील कोर्टाने तो नियम स्पर्धाविरोधी म्हणून बेकायदा ठरवला. तरीही प्रत्यक्षात फारसे बदलले नाही. १९८७ चा संप फसला. अखेर १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात मिनियापोलिसच्या ज्यूरीने लीगच्या विरोधात कौल दिला. पाठोपाठ रेगी व्हाइट या दबदबा असलेल्या बचावपटूच्या नावाने सामूहिक दावा उभा राहिला आणि १९९३ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. काही वर्षे खेळल्यावर हव्या त्या संघाशी बोलणी करण्याची मुभा खेळाडूंना मिळाली. त्या बदल्यात संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा मालकांना मिळाली. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली.

स्वातंत्र्य आणि मर्यादा एकाच सौद्यात आल्या, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने कधी नजरेआड करू नये. ही मर्यादा मालकांनी एकतर्फी लादलेली नाही. लीगच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा, सध्या साधारण ४८ टक्के, खेळाडूंकडे जाईल असे सामूहिक करारात ठरले आहे आणि मर्यादेचा आकडा त्यावरूनच निघतो. शिवाय वर्षांचे गट करून प्रत्येक संघाने मर्यादेच्या जवळपास खर्च केलाच पाहिजे, असेही बंधन आहे. त्यामुळे एका जुन्या खेळाडूला मोकळे करून वाचवलेला पैसा मालकाच्या तिजोरीतच पडून राहतो असे नाही, तो बहुतेक वेळा दुसऱ्या खेळाडूकडे जातो. खेळाडू समूह म्हणून आपला वाटा राखतात. त्या वाट्यातून कोणाला किती आणि कधीपर्यंत, हे मात्र प्रत्येकाचे नशीब आणि प्रत्येकाचा करार ठरवतो. वय वाढण्याची आणि दुखापत होण्याची जोखीम कोणी उचलायची, हा या सगळ्या अभ्यासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. कराराच्या प्रत्येक कलमात त्याचे एकेक उत्तर लिहिलेले असते.

आता त्या कलमांकडे जरा जवळून पाहू. एनएफएलचा करार वर्तमानपत्रात ‘पाच वर्षांचा’ म्हणून छापून येतो, पण पुढच्या वर्षांचा पगार बहुधा हमीचा नसतो. संघाने खेळाडूला सोडले की तो पगार द्यावा लागत नाही. हमीचा असतो तो सही करताना मिळणारा सायनिंग बोनस. हे पैसे खेळाडूच्या हाती लवकर पडतात. मर्यादेच्या हिशेबात मात्र ते कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटून मांडले जातात. छापखान्याने यंत्र घेतले की विक्रेत्याला पैसे मिळून जातात आणि वहीत घसारा पुढची कित्येक वर्षे दिसत राहतो, तसेच हे आहे. खेळाडू मध्येच गेला, की न मांडलेला सगळा घसारा त्या वर्षी एकदम अंगावर येतो. या रकमेला तिकडे ‘डेड मनी’ म्हणतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक करार घेऊ. मुदत पाच वर्षे, सायनिंग बोनस २ कोटी डॉलर. म्हणजे दरवर्षी ४० लाख हिशेबात धरायचे. पगार पहिल्या वर्षी २० लाख, मग ६० लाख, १ कोटी, १ कोटी २० लाख आणि शेवटी १ कोटी ४० लाख. दोन्ही मिळून मर्यादेत अडणारी जागा अनुक्रमे ६० लाख, १ कोटी, १ कोटी ४० लाख, १ कोटी ६० लाख आणि १ कोटी ८० लाख होते. पहिल्या हंगामानंतर संघाने त्याला सोडले, तर बोनसचे उरलेले १ कोटी ६० लाख एकदम अंगावर येतात. म्हणजे तो असता तर १ कोटी अडले असते, तो गेल्यावर त्यापेक्षा ६० लाख जास्त अडतात. दुसऱ्या हंगामानंतर सोडला तर फक्त २० लाखांची जागा मोकळी होते. तिसऱ्या हंगामानंतर मात्र उरलेला बोनस ८० लाख आणि अडणारी जागा १ कोटी ६० लाख. म्हणजे सोडण्यात सरळ ८० लाखांची बचत. खेळाडू तोच, त्याचा खेळही तोच. पण पहिली दोन वर्षे कागदच त्याला धरून ठेवतो आणि तिसऱ्या वर्षानंतर कागदच दार दाखवू लागतो. वाचकाने हे आकडे एकदा स्वतः मांडून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दहा मिनिटांच्या या कामाने मार्चमधल्या बातम्या वेगळ्याच दिसू लागतात.

तारखांनाही इथे तितकेच महत्त्व आहे. १ जूननंतर सोडलेल्या खेळाडूचा त्या वर्षीचा बोनसचा हप्ता त्या वर्षी आणि बाकीचा पुढच्या वर्षी मांडता येतो. वरच्या उदाहरणात तिसऱ्या हंगामानंतरची बचत त्यामुळे ८० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर जाते. बदल्यात पुढच्या वर्षावर ४० लाखांचा बोजा पडतो. जेरी राइससारख्या थोर खेळाडूला सॅन फ्रान्सिस्कोने २००१ च्या जून महिन्यातच मोकळे केले, हे या नियमाच्या प्रकाशात वाचावे. खेळाडूंचे एजंटही तारखांचे मोल जाणतात. मार्चमध्ये लीगचे नवे वर्ष सुरू होताच काही दिवसांत मोठा बोनस देय व्हावा, असे कलम ते घालून घेतात. हेतू इतकाच, की संघाला सोडायचेच असेल तर मार्चमध्ये सोडावे. तेव्हा इतर संघांकडे पैसा असतो आणि जागाही. ऑगस्टअखेर सोडलेल्या खेळाडूला तोच भाव मिळणे कठीण. कराराची भाषा रुक्ष असते, पण अशा एका तारखेत माणसाची पुढची दोन-तीन वर्षे सुरक्षित होऊ शकतात.

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. फेब्रुवारी २००० मध्ये बफेलो बिल्स संघाने ब्रूस स्मिथ, थर्मन थॉमस आणि आंद्रे रीड या तिघांना एकाच दिवशी मोकळे केले. सलग चार वर्षे सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचलेल्या संघाचे हे आधारस्तंभ. पुढे तिघांनाही हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मर्यादा लागू होऊन सहा वर्षे झाली होती आणि कीर्ती हिशेबात मांडता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या लीगला कळले.

पेटन मॅनिंगचे प्रकरण मात्र बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. १९९८ पासून इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तोवर चार वेळा गौरवलेला. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला. संघ १६ पैकी २ सामने जिंकला आणि त्यामुळेच पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तळाचा संघ नवोदितांतून आधी निवड करतो त्या प्रक्रियेत, पहिली निवड त्याच्या हाती आली. अँड्र्यू लक हा तरुण क्वार्टरबॅक समोर होता. मॅनिंगचा २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस मार्च २०१२ मध्ये देय होत होता आणि त्याची मान कितपत सावरेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, ७ मार्चला, मालक जिम इरसे आणि मॅनिंग एकत्र पत्रकारांपुढे आले आणि निरोप दिला गेला. दोघांचेही डोळे पाणावले होते. डेन्व्हर ब्रॉन्कोसने ती जोखीम उचलली. २०१३ मध्ये मॅनिंगने एका हंगामात ५५ टचडाऊन पासचा विक्रम केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो सुपर बोल जिंकून थांबला. त्या विजयी संघात डीमार्कस वेअरही होता. त्यालाही डॅलस काउबॉइजने २०१४ मध्ये असेच मोकळे केले होते. मग कोल्ट्स चुकले का? लकसोबत पहिल्याच हंगामात त्यांनी ११ सामने जिंकले. दोन्ही बाजूंचे निर्णय आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे या प्रकरणातून शिकायला मिळते.

रसेल विल्सन या क्वार्टरबॅकच्या बाबतीत जोखीम उलट्या बाजूला पडली. डेन्व्हरने २०२२ मध्ये त्याच्याशी मोठा नवा करार केला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला सोडले. त्यामुळे दोन वर्षांत मिळून सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी संघाने अंगावर घेतला, तोवरचा सर्वांत मोठा. पिट्सबर्गने त्याला किमान वेतनावर, १२ लाख १० हजार डॉलरला, घेतले. त्या वर्षाची बाकी हमीची रक्कम डेन्व्हरनेच भरली. हमी असली की खेळाडूचे काय होते आणि संघाचे काय होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. एवढे ओझे घेऊनही डेन्व्हर त्या हंगामात प्लेऑफमध्ये पोहोचले, कारण त्यांचा नवा क्वार्टरबॅक बो निक्स पहिल्याच वर्षीच्या स्वस्त करारावर खेळत होता.

या सगळ्यात ड्रेसिंग रूमचा विचार कुठे येतो? २००३ च्या सप्टेंबरात, पहिल्या सामन्याला आठवडाही उरला नसताना, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने आपला कर्णधार लॉयर मिलॉय याला मोकळे केले. पगारकपातीवर दोघांचे जुळले नव्हते. मिलॉय बफेलोला गेला आणि पहिल्याच सामन्यात बफेलोने पेट्रियट्सना ३१-० असे धुतले. पण हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात पेट्रियट्सनी तोच ३१-० चा आकडा बफेलोवर उलटवला आणि पुढे सुपर बोल जिंकला. त्यांच्या बचावफळीचा नवा आधार होता रॉडनी हॅरिसन, ज्याला सॅन दिएगो चार्जर्सने त्याच वर्षी सोडून दिले होते. एका संघाने नको म्हटलेला खेळाडू दुसऱ्याच्या विजयाचा कणा होतो, याची अशी उदाहरणे या क्षेत्रात जागोजागी भेटतील.

कधी निर्णयामागे संघाची हुशारी किंवा चूक काहीच नसते. कोविडमुळे २०२० मध्ये स्टेडियमे ओस पडली, उत्पन्न घटले आणि मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर उतरली. मार्च २०२१ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ या आपल्या दोन्ही मुख्य टॅकल्सना, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या खेळाडूंना, एकाच दिवशी सोडले. दोघेही दुखापतीतून सावरत होते. साथ आली जगावर; तिची किंमत मोजली ती त्या वसंतात करार निकामी झालेल्या जुन्याजाणत्यांनी.

या अनुभवांना शास्त्रीय चौकट देणारे लेखन समृद्ध आहे. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या श्रमबाजारावर लिहिलेला निबंध हे क्रीडा अर्थशास्त्राचे आरंभस्थान मानले जाते. खेळाडूवर हक्क संघाचा असो की त्याचा स्वतःचा, तो शेवटी जिथे जास्त उपयोगी तिथेच जाईल. फरक पडेल तो पैसा कोणाला मिळतो यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये दाखवले, की खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी संपवून चालत नाही, कारण तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशिवाय प्रेक्षकच येणार नाहीत. वेतनमर्यादेचे समर्थन याच विचारावर उभे आहे. न्यूयॉर्कच्या संघांशी ग्रीन बेसारख्या लाखभर वस्तीच्या गावातला संघ बरोबरीने झुंजू शकतो, तो उत्पन्नाच्या वाटणीमुळे आणि या मर्यादेमुळे.

खेळाशी थेट संबंध नसलेला एक लेख मला या संदर्भात विशेष महत्त्वाचा वाटतो. एडवर्ड लेझिअर यांनी १९७९ मध्ये मांडले, की अनेक नोकऱ्यांत तरुण माणसाला त्याच्या कामापेक्षा कमी आणि वय झालेल्याला जास्त पगार मिळतो. आधी राखून ठेवलेले नंतर चुकते केले जाते. एनएफएलला हे लावून पाहा. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार चार वर्षे जवळपास बांधलेला असतो. उत्तम खेळला तरी पहिली तीन वर्षे तो नवा करार मागू शकत नाही. त्याचे फळ दुसऱ्या करारात मिळायचे, आणि त्या कराराची मागची वर्षे बहुधा बिनहमीची. उधारी खरी, पण ती चुकती करण्याचे वचन पक्के नाही. ज्येष्ठ खेळाडूची करारमुक्ती इतकी बोचते, याचे कारण मला इथे सापडते.

२०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांचे पगार आणखी खाली आणले. २०१० मध्ये ड्राफ्टमधला पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ मधल्या पहिल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करारच सुमारे २ कोटी २० लाखांचा होता. वाचलेला पैसा अनुभवी खेळाडूंकडे जाईल, अशी अपेक्षा होती. मोठ्या नावांकडे तो गेलाही. पण तरुण खेळाडू इतका स्वस्त झाल्यावर मधल्या फळीतल्या सात-आठ वर्षे खेळलेल्या माणसाला राखण्याचे कारणही दुबळे झाले. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टवर केलेले संशोधन याच्याशी जोडून वाचावे. संघ सर्वांत वरच्या निवडींना गरजेपेक्षा जास्त मोल देतात आणि खरा फायदा थोड्या खालच्या निवडींत असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अभ्यासकांत यावर एकमत नाही आणि ते नसणेच बरे. काहींच्या मते मर्यादा म्हणजे पगार दाबून ठेवण्याचे सभ्य साधन. काहींना ती खेळाची चुरस टिकवणारी अट वाटते. दोघांकडेही भक्कम पुरावे आहेत. माझी भूमिका स्पष्ट सांगतो. मर्यादा असावी, खेळाडूंनी ती संघटितपणे मान्य केलेली आहे. पण संघासाठी खेळताना झालेल्या दुखापतीची जोखीम खेळाडूवर टाकून त्यालाच जागेसाठी मोकळे करणे हे न्यायाला धरून नाही. दुखापतीसाठीची हमी वाढवणे मर्यादेच्या चौकटीतही शक्य आहे. ते बोलणीच्या टेबलावर मिळवावे लागेल. ज्याला हिशेब कळत नाही तो संघाला कृतघ्न म्हणून थांबतो. ज्याला कळतो तो नेमके कोणते कलम बदलायला हवे ते सांगू शकतो.

म्हणून या विषयात शिरणाऱ्या वाचकाने कोणतीही करारमुक्ती पाहताना काही प्रश्न जवळ ठेवावेत. बोनसपैकी किती रक्कम हिशेबात मांडायची राहिली आहे? कोणती तारीख जवळ आली होती? मोकळी झालेली जागा कोणासाठी वापरली? दुखापत होती का, आणि ती कोणाचे काम करताना झाली? खेळाडूला नवा संघ शोधायला वेळ मिळाला का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की त्या निर्णयाबद्दल आपले मत आपोआप तयार होते आणि ते ठामपणे मांडताही येते.

हे प्रश्न एनएफएलपुरते राहू नयेत, अशी माझी इच्छा आहे. आयपीएलमध्ये, प्रो कबड्डीमध्ये, इंडियन सुपर लीगमध्ये आपली मुले आज करारांवर सह्या करत आहेत. त्या करारांत दुखापतीची हमी किती, मुदत किती आणि सोडण्याची तारीख कोणती, यावर मराठीत अभ्यासपूर्ण लेखन व्हायला हवे. वाणिज्य, कायदा, क्रीडावैद्यक आणि कामगारप्रश्न यांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला इथे करण्यासारखे काम आहे, आणि त्यातले बरेचसे अजून कोणी हाती घेतलेले नाही. पुढची प्रकरणे वाचून एखाद्या वाचकाने एका खेळाडूचा एक करार जरी उघडून त्यातली जोखीम कोणाच्या नावावर लिहिली आहे ते शोधले, तरी या लेखनाचे चीज झाले असे मी समजेन.